चकव्याचा आऊट

गिरणीची लाईट गेली यात माझा काय दोष? दळण अडकलंय तुमचं आणि जीभ चालवायची मी! मघापासून नुसतं "आबा, गोष्ट. आबा, गोष्ट." माझ्या गुडघ्यात कळ मारतेय, सुपारी संपलीय, ते कुणाला दिसत नाही. ह्या गणप्याला तर तीनदा सांगितलं, बाबा, भुताच्या गोष्टी सांगायचं माझं वय गेलं, आता भुतांना जाऊन भेटायचं वय आलंय. तरी बसलाय मांडी ठोकून. बरं, सांगतो. पण मधे कुणी बोलायचं नाही. आणि तू, ज्वारीच्या पोत्यावरनं खाली उतर आधी. खायचं धान्य आहे ते, पाट नव्हे.

हां. ऐका आता.

आपल्या ढगेवाडीला हसनू शिकलगार म्हणून होता. तुमच्यातल्या निम्म्यांनी त्याला बघितलेलंच नाही. बाप, आजा विळ्या-कोयत्यांना धार लावणारे. हसनूनं सायकलीचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे काय हो, चिंचेखाली एक पत्र्याची पेटी, एक पंप आणि पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं. झालं दुकान! पण हात? हात असा, की पाच गावच्या सायकली त्या चिंचेखाली यायच्या. का? आऊट काढायला.

आऊट म्हणजे क्रिकेटातला नव्हे, गाढवांनो. चाक सरळ फिरायच्या ऐवजी एका अंगाला झुकून फिरायला लागलं, ते धरणाऱ्या लोखंडी चिमट्याला खर्र खर्र घासायला लागलं, की म्हणायचं चाक आऊट झालं. मग हसनू सायकल उलटी करायचा, सीट आणि हँडल जमिनीवर. चिमट्याला हात टेकून रिंगेजवळ खडू धरायचा आणि चाक फिरवायचा. हात हलायचा नाही. डोंगर हलेल, हसनूचा हात हलायचा नाही. रिंग जिथं फुगलेली असेल तिथं खडूची पांढरी रेघ उठली की त्या अंगाच्या तारा अर्धा आटा ढिल्या, समोरच्या अंगाच्या अर्धा आटा कडक. परत फिरव. परत खडू. असं करत करत शेवटी चाक असं फिरायचं, की फिरतंय का उभं आहे ते कळायचं नाही.

त्या साली काय झालं, पाणगावात सायकलवाला आला. मास्टर यादोबा. सात दिवस सात रात्री सायकलीवरनं उतरायचं नाही, असा खेळ. मैदानात मधे काठी पुरलेली, भोवती फिरत राहायचं. जेवण सायकलीवर, दाढी सायकलीवर, आंघोळ सायकलीवर. पाय जमिनीला लागला की खेळ संपला. रात्री गॅसबत्त्या, कर्णा, पोराबाळांची ही गर्दी. आणि कर्ण्यावर रोज संध्याकाळी काय सांगायचे? "चाकांची जबाबदारी, ढगेवाडीचे वस्ताद हसनू शिकलगार!" वारं तिकडनं असलं की आपल्या वाडीपर्यंत ऐकू यायचं. हसनू तोंडानं म्हणायचा, "कशाला उगाच." पण त्या वेळेला काहीतरी निमित्त काढून चिंचेखाली येऊन उभा राहायचा बरं का! मी बघितलंय.

सहावा दिवस. दिवेलागण होऊन गेलेली. पाणगावचा सोपान न्हावी सडकेनं सायकल हाणत, धापा टाकत आला.

"हसनूचाचा, घात झाला! मास्तरचं पुढचं चाक डुलतंय. दारू प्यायल्यागत. चिमट्याला घासतंय, ब्रेकला अडतंय."

"किती डुलतंय?"

"बोटभर."

"पेराभर का पुरं बोट?"

"चाचा, मी न्हावी हाय. मी काय मोजून आलो का?"

हसनू उठलाच. म्हणाला, "सहा दिवस काठीभवती एकाच अंगानं वळतोय. डाव्या अंगाच्या तारा ढिल्या पडल्या असणार. मध्यरातीपतोर चाकाची जिलबी व्हईल."

सोपान म्हणाला, "मास्तर रडतोय चाचा. मागं एका गावात सहाव्या दिवशीच पाय टेकला म्हणं. ह्या बारीला टेकला तर सायकल विकून हमाली करणार, असं बोललाय."

झालं. हसनूनं घरात लावून ठेवलेलं नवं चाक काढलं. स्वतःच्या हातानं तारा भरलेलं, टायर-ट्यूब चढवलेलं. सुतळीनं पाठीला बांधलं. खिशात खडू, तारांची चावी, पंप दांडीला. आणि सायकलीवर टांग टाकली.

"सडकेनं जा हं!" सोपान ओरडला. "माळावरनं नको! तिथं चकवा हाय!"

सडकेनं अकरा मैल. गोसाव्याच्या माळावरनं तीन. तुम्ही काय केलं असतं? काय रे गणप्या, तू घरीच झोपला असतास. हसनू माळाच्या वाटेला लागला.

ऐका. अंधार असा, की स्वतःचा हात दिसेना. डायनामोचा दिवा तेवढा पुढं पिवळा गोळा टाकतोय. चाक फिरलं तर उजेड, थांबलं तर अंधार. वाट ओळखीची. आधी मोडका बांध, मग गोसाव्याची समाध, मग एक वाकडी बाभूळ, खोडावर कुऱ्हाडीचा घाव. बाभूळ गेली की उतार, उताराला ओढा, ओढ्यापलीकडं पाणगाव. बस, एवढंच.

बांध गेला. समाध गेली. बाभूळ आली. आणि पुढच्या चाकात आवाज झाला, खर्र.

हसनू चमकला. हसनूचं स्वतःचं चाक घासतंय? जीभ चावली त्यानं. "खडा उडाला असंल." पुढं निघाला.

थोड्या वेळानं बांध आला.

आता बांध मागं गेला होता की नाही? गेला होता! हसनूला वाटलं, दुसरा बांध असेल. मग समाध आली. मग बाभूळ आली. खोडावर कुऱ्हाडीचा घाव. खर्र!

तिसऱ्यांदा बांध. तिसऱ्यांदा समाध. तिसऱ्यांदा बाभूळ. खर्र!

तुम्हीआम्ही तिथं धोतर सोडून पळालो असतो. पण तो कारागीर. त्याला भुताची भीती नंतर, चाकाची लाज आधी! उतरला. सायकल उलटी केली. भर अंधारात चिमट्याला हात टेकला, खडू धरला, चाक फिरवलं. कान लावून बसला. खडू कुठं लागेना. काडी ओढून बघितली, रिंग कोरी. तारांवर नख मारत गेला. टिंग, टिंग, टिंग. सगळ्या एका सुरात. टायर दाबत गेला, कुठं फुगवटा नाही, सगळीकडनं सारखा बसलेला. चाक सरळ. एक केसभर सुद्धा आऊट नाही!

मग घासतंय काय?

तेवढ्यात मागनं हाक आली. "अवो... ऐकलं का... जरा थांबा की..."

बायकोचा आवाज. हमीदाचा. अगदी हुबेहूब! पण हसनू जागचा हलला नाही, वळून बघितलं नाही. का माहितीये? हमीदानं लग्न झाल्यापासून त्याला एवढ्या गोड आवाजात कधी हाकच मारली नव्हती. तिथंच त्यानं ओळखलं, हे काम दुसऱ्याचं आहे.

सायकल सरळ केली, टांग टाकली. तर फुस्स! मागच्या चाकाची हवा गेली. पंपानं भरली. फुस्स! परत भरली. फुस्स! आता वालमधली रबरी नळी, वालट्यूब, नवी होती हो, आदल्याच दिवशी घातलेली. हसनूनं हवा भरली आणि पटकन अंगठा दाबून धरला वालवर. आणि ऐका, ऐका, त्याच्या अंगठ्याखाली दुसरं एक बोट होतं. गार. विहिरीच्या तळातल्या दगडासारखं गार.

काय रे, का सरकलास इकडं? बस तिथंच.

हसनूनं ते बोट असं पिरगाळलं, की अंधारात कुणीतरी "आई गं" केलं. हवा भरली, निघाला. तर कॅरिअर खाली दबलं. कुणीतरी बसलं. मिठाची दोन पोती टाकावीत असं वजन. पायडल फिरेना. घामानं सदरा अंगाला चिकटला. पाठीवरचं चाक आपोआप फिरायला लागलं, सुतळीला घासत, सर्र, सर्र. बांध. समाध. बाभूळ. खर्र! बांध. समाध. बाभूळ. खर्र! हसनू मोजत होता. सतरा फेऱ्या झाल्या. तिकडं मास्तर फिरतोय, इकडं हा फिरतोय! आणि तिकडच्या चाकात आता किती जीव उरलाय ते हसनूला पक्कं ठाऊक.

आणि सतराव्या खर्रला हसनूचं डोकं फिरलं. भीती गेली आणि राग आला. बाभळीखाली ब्रेक दाबला आणि बोंबलला, "ज्यानं कुणी हे चक्कर काढलंय त्याचा हात थोटा असावा! आऊट हाय, आऊट! चाक माझं सरळ हाय, तुझी वाटच आऊट हाय!"

कॅरिअर एकदम हलकं झालं.

कानाशी आवाज आला, "काय म्हनलास?"

"आऊट म्हनलं."

"म्हंजी?"

"म्हंजी गोल न्हाई. फुगलेलं. लंगडं!"

आता काडी ओढली हसनूनं, तर समोर कोण? पटका होता, धोतर होतं, मधे माणूस होता का नव्हता ते काही उमगेना. पाय मात्र होते. टाचा पुढं, बोटं मागं.

हसनू बघतच राहिला. म्हणाला, "हे पाय कुणी बसवलं रं तुझं? उलटं बसवल्यात."

"पायाचं सोड!" चकवा फणकारला. "चक्कर माझं गोल हाय. माझ्या आज्यानं आखून दिलंय. शंभर वरसं मानसं फिरवतोय मी ह्याच्यावर!"

"मग तुझा आजा बी आऊट. दर फेरीला ह्या बाभळीपाशी घासतंय. सतरा येळा घासलं. बाकी कुठं घासत न्हाई. म्हंजी हितं फुगलंय. सरळ हिशेब हाय."

चकव्यानं पटका खाजवला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "म्हनूनच त्यो गाडीवान सुटला व्हय गेल्या साली? हितनंच निसटला. आन त्या आधी ती भाजीवाली. मला वाटलं, माझंच वय झालं."

"वय न्हाई. आऊट."

"निघतो का त्यो?"

बघा! आता बघा हसनूचं डोकं. हसू दाबलं त्यानं आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तसं तोंड वाकडं केलं. "निघंल. पर काम किचकट हाय."

"काढून दे. लगेच सोडतो तुला."

भुतानं सोडतो म्हटलं, की ओळखायचं, जन्मभर ठेवून घेणार. चक्कर गोल झालं की पहिला गडी त्यात फिरणार तो हसनूच. हे त्याला कळत नव्हतं का? पुरं कळत होतं. त्यानं खिशातनं खडू काढला.

"हे धर. ह्या बाभळीला हात टेक. खडू असा वाटंकडं धरायचा. मी एक फेरी मारून येतो. कुठं किती घासतंय ती रेघ उठंल, मग बघू किती आटं द्यायचं. पर हात हलता कामा नये. हात हलला तर आऊट समजत न्हाई. जागचं हलायचं न्हाई, वळून बघायचं न्हाई, श्वास सुद्धा घ्यायचा न्हाई."

"श्वास मी घेतच न्हाई."

"मग तर झ्याक! तू चांगला कारागीर व्हशील."

चकवा खूश झाला हो! बाभळीला हात टेकून, खडू धरून, असा ताठ उभा राहिला जसा शाळेत अंगठे धरून... तसं नव्हे, आपला ताठ उभा राहिला. आणि ऐका, हीच तर गंमत आहे. चकवा स्वतः फिरतो म्हणून माणूस फिरतो. तोच एका जागी उभा राहिला, तर फिरवणार कोण?

हसनूनं टांग टाकली. बाभूळ मागं गेली. बांध आला नाही. समाध आली नाही. आला तो उतार! लांब पाणगावच्या गॅसबत्त्या दिसल्या, कर्ण्याची कुरकुर ऐकू आली. या अल्ला! हसनूनं पायडल हाणलं.

मागनं हाक आली, "आलास का रं?"

"आलोच! हात हलवू नगंस!"

उतार. आणखी उतार.

"आलास का? हात अवघडला!"

"जरा कळ काढ! निम्म्यावर आलो!"

चकवा बिचारा कळ काढत उभा. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा हसनू एवढा लांब होता, की उत्तर पोचलंच नाही. मग जी शीळ उठली माळावर! कुत्री भुंकायची थांबली पाणगावात. मागनं वावटळ सुटली, धोतराचा फडफडाट, टाचांचा दणदणाट. ओढा दिसायला लागला. ओढ्यापलीकडं त्याची हद्द नाही. तीस हात. वीस हात. मागच्या चाकात बोटं घुसली! टिंग! टिंग! टिंग! तारा वाजत सुटल्या, एक तार तुटली, रिंग एका अंगाला ओढली गेली. चाक जाम व्हायला लागलं. हसनूनं सीट सोडली, सगळा भार पायडलवर टाकला, डोळे मिटले, आणि सायकलीसकट ओढ्यात उडी! कोरड्या वाळूत गेला गडगडत पलीकडच्या काठाला.

शीळ ऐकू आली. पण ओढा ओलांडून कोण आलं नाही.

हसनूचं कोपर फुटलं होतं, सदरा फाटला होता. त्यानं पहिलं काय बघितलं? पाठीवरचं चाक. फिरवून बघितलं. सरळ. मग उठला.

मैदानात काय दशा म्हणता! मास्तर यादोबाचं चाक असं डुलतंय, की बायका डोळ्यांवर पदर घ्यायला लागलेल्या. त्याचा एक पाय पायडलवरनं सुटून जमिनीपासून वीतभर वर लोंबतोय. हसनू फाटक्या सदऱ्यानं आपली सायकल दामटत त्याच्या बाजूला गेला.

"मास्तर, माझ्या सायकलीवर या! फिरत्यावर या!"

मास्तरनं एक हात हसनूच्या खांद्यावर टाकला, आणि फिरत्या सायकलीवरनं फिरत्या सायकलीवर टांग टाकली. हसनू खाली उतरला. पाय लागला तो हसनूचा, मास्तरचा नाही! टाळ्या काय, शिट्ट्या काय! मास्तर एक फेरी मारून आला आणि ओरडला, "वस्ताद! तुमचं मागलं चाक बी आऊट हाय की!"

सगळं मैदान हसलं. हसनू जन्मात लाजला नसेल एवढा लाजला. "सांभाळून घ्या मास्तर! ते भुतानं धरलं हुतं!" तर लोक आणखी हसले.

मास्तरच्या सायकलीला नवं चाक चढलं, नट आवळले, मास्तर परत आपल्या सायकलीवर. हसनू म्हणाला, "आता सकाळपतोर उलट्या अंगानं फिरा. दोन्ही अंगाच्या तारांना सारखं काम पडू द्या." तिसऱ्या दिवशी दुपारी सात दिवस सात रात्री पुऱ्या झाल्या. नारळ फुटला, हार पडले, मास्तरनं पाय जमिनीवर टेकला. आणि चालायला लागला तो गोल गोल! चार माणसांनी धरून सरळ केला.

आता ऐका, पोरांनो, हे महत्त्वाचं. त्या माळाच्या वाटेनं जायचं नाही. पाणगावला लवकर पोचतो म्हणून नाही, शर्यत लागली म्हणून नाही, मोटारसायकल घेतली म्हणून तर मुळीच नाही. हसनू सुटला तो चक्करात आऊट होता म्हणून सुटला. चकव्याला शंभर वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, चक्कर कुठं बिघडलंय ते. आता सांगून ठेवलंय! आणि कसं बघायचं ते सुद्धा शिकवून ठेवलंय. इतक्या वर्षांत त्यानं ते दुरुस्त केलं नसेल कशावरनं? हसनूनंतर त्या माळावरनं सुटून आलेला एक गडी मला दाखवा. नाही ना? मग?

थापा म्हणतोस? कोण बोललं ते?

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी स्वतः गेलो होतो माळावर. मी आणि सोपान न्हावी. सायकलीच्या खुणा होत्या धुळीत, एकावर एक, गोल. मोजल्या आम्ही. बाभळीपाशी सगळ्या फुगून खोडाला घासून गेलेल्या, हसनू म्हणाला तशाच. आणि शेवटची एक सरळ उताराला. बाभळीच्या सालीवर पांढरी रेघ, आणि मुळाशी पावलं, टाचा वाटंकडं. मी परत येऊन चावडीवर हे सांगितलं. खरं ते सांगितलं. तर एक जण उठून म्हणाला, हसनू ताडी पिऊन रातभर बाभळीभवती फिरला, आणि ह्या शिरपानं, म्हणजे मी हो, पहाटे जाऊन खुणा वाढवल्या. सगळ्या गावापुढं! माझा बाप बसला होता तिथं. हसनू पण होता. हसनू उठून चिंचेखाली गेला, पेटी उघडली, कामाला लागला. तो आता गेला बिचारा, त्याची माफी मागायची राहूनच गेली.

माझी अजून मागता येते. मी आहे, चावडीवर उठून बोललेला तो पण आहे. परवाच बाजारात दिसला, काठी टेकत. थांबला, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता बोलतो. बोलला. "औंदा कांद्याला बरा भाव हाय," म्हणाला, आणि गेला. कांद्याला! वर पांढरी टोपी, खाली नव्या चपला, मोठा शहाणा, कोष्टी आळीतला, रंगनाथ दाजी कोष्टी.